चेंबर किती खोल हवं?

आमच्या डेन्व्हरच्या मराठी मंडळींत गाड्यांचा विषय निघाला की तो टेस्ला आणि होंडा ओडिसी यांच्यापलीकडे फारसा सरकत नाही. तिथे माझा २००६ चा डॉज रॅम २५०० पिकअप दोन गाड्यांची जागा अडवून उभा असतो आणि मी उगाच कोपऱ्यात उभा असतो. त्याचं डिझेल इंजिन कमिन्सचं आहे असं कळल्यावर पुणेकरांना कोथरूडचा कारखाना आठवतो आणि मला थोडा मान मिळतो, तेवढाच. पण आज इंजिनाबद्दल बोलायचं नाही. इंजिनामागे ४८आरई नावाचा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे आणि त्याच्या तळाला चौदा बोल्टांनी बसवलेलं पत्र्याचं चेंबर आहे. गिअरबॉक्सचं तेल त्यात साठतं. कॉलोरॅडोच्या डोंगरवाटांवर आणि युटाच्या खडकांवर ट्रक न्यायला लागल्यापासून, हे चेंबर काढून अधिक खोल चेंबर बसवावं असं माझ्या मनानं घेतलं. एवढीशी गोष्ट, पण तिनं मला बराच काळ जमिनीवर, म्हणजे अक्षरशः पाठीवर, झोपवून ठेवलं. खालचे आकडे सोयीसाठी आहेत. माझं शहाणपण काही या क्रमानं आलं नाही.

१. खोल चेंबर तेल थंड करत नाही, ते वेळ देतं. हे कळायला मला एक्सेलमध्ये तक्ता करावा लागला, कारण साधी गोष्ट साध्या मार्गानं समजून घेणं आम्हा इंजिनिअर लोकांना कमीपणाचं वाटतं. टॉर्क कन्व्हर्टरसकट (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे पोचवणारा भाग) गिअरबॉक्सभर मिळून साधारण पंधरा क्वार्ट तेल असतं. क्वार्ट म्हणजे लिटरला थोडा कमी. जाहिरातीतलं चेंबर आणखी चार क्वार्ट घेतं. म्हणजे तेल झालं साधारण सव्वापट. आता ग्रेट सँड ड्यून्स नॅशनल पार्कमधून मेडानो पासकडे जाणारी वाळूची वाट डोळ्यांसमोर आणा. गाडी रांगते, इंजिन राबतं, कन्व्हर्टर लॉक होत नाही आणि इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोचण्याऐवजी बरीचशी तेल घुसळण्यात जाते. वीस मिनिटांत तेलाच्या तापमानाचा काटा तांबड्याकडे जात असेल, तर नव्या चेंबरनं पंचविसाव्या मिनिटाला जाईल. गिअरबॉक्सच्या धातूलाही उष्णता मुरवावी लागते, ती काही वाढलेली नाही; म्हणजे प्रत्यक्षात पंचविसाच्याही आधी. ही जादा मिनिटं खोटी नाहीत. कधी कधी तेवढ्यात वाळू संपते आणि चाकांखाली कठीण जमीन येते. पण वाळू संपलीच नाही, तर काटा शेवटी कुठे जाऊन थांबणार हे ट्रकच्या पुढच्या बाजूचा तेलाचा कूलर ठरवतो, चेंबर नाही. आणि जास्तीचं तेल तापायला जितका जास्त वेळ घेतं, तितकाच निवायलाही घेतं. ही दुसरी बाजू जाहिरातीत कुणी छापत नाही.

२. चेंबरखालचे फिन दिसायला फार सुरेख असतात. ओतीव अॅल्युमिनियम, त्यावर ओळीनं रेषा. अॅल्युमिनियम पोलादाच्या तिप्पट तरी उष्णता वाहून नेतं, हेही खरं. पण ती उष्णता उचलून न्यायला खालून वारा लागतो, आणि खडकावर माणसाच्या चालीनं चढणाऱ्या ट्रकखाली वारा कुठून येणार? यूरे आणि टेल्युराइडच्या मधला इमोजीन पास १३,११४ फुटांवर आहे. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे दोनतृतीयांश. दम मलाही लागतो, कूलरलाही लागतो. खोल चेंबरची आवड मुळात ड्रॅग रेसिंगवाल्यांकडून आली आहे. सुटताना ट्रक किंवा मोटार अशी झेप घेते की सगळं तेल मागे धावतं आणि गिअरबॉक्सचा पंप कोरडा पडतो, म्हणून त्यांना खोली हवी होती. थंडाव्याचं म्हणाल, तर त्यांचा सगळा कारभार सपाट डांबरावर पाव मैलात उरकतो. त्यांची गरज आणि माझी गरज एकाच रंगीत फोटोखाली विकायला ठेवलेली आहे, हे मला फार उशिरा जाणवलं.

३. तेल किती आहे यापेक्षा ते कुठून ओढलं जातं, हे महत्त्वाचं. माझ्या सगळ्या शोधातलं सगळ्यात मोठं आश्चर्य हेच. शहाळं तिरकं धरलं की आत पाणी असूनही नळीतून नुसता सुर्र आवाज येतो, गिअरबॉक्सचंही तेच. चेंबरमध्ये एक चपटा फिल्टर बसलेला असतो, त्याच्या तोंडातून पंप तेल ओढतो. ट्रक नाक वर करून खडा चढ चढतो तेव्हा तेल मागच्या भिंतीकडे जातं, एका कुशीवर कलतो तेव्हा त्या कुशीकडे. फिल्टरचं तोंड क्षणभर उघडं पडलं तरी पंप हवा ओढतो, तेलात फेस येतो, दाब पडतो आणि आतल्या क्लचच्या चकत्या घट्ट धरायच्या ऐवजी घसरायला लागतात. घसरल्या की जळतात. याला तास लागत नाही. आणि हे नेमकं अशा जागी होतं जिथे मागे दरी असते आणि बाजूच्या सीटवरून बायको अत्यंत शांत आवाजात, “अरे, आपण मागे येतोय का?” असं विचारत असते.

म्हणून ऑफ-रोडसाठी खोल चेंबरचा खरा उपयोग हा: फिल्टरचं तोंड तेलात बुडलेलं राहणं. आता गंमत बघा. चेंबर खोल केलं आणि फिल्टर जुन्याच उंचीवर ठेवला, तर वाढलेलं सगळं तेल फिल्टरच्या खाली राहतं. उष्णता मुरवायला ते उपयोगी आहे, पण चढावर पंपाच्या तोंडी लागत नाही. फिल्टर खाली उतरवायला मध्ये एक जोड-तुकडा लागतो, तसे लांब स्क्रू लागतात. काही चेंबरांबरोबर हे सामान येतं, काहींबरोबर येत नाही. एका विक्रेत्याला मी फोनवर विचारलं, तर तो म्हणाला, “हा प्रश्न आजवर कुणी विचारला नाही.” मला त्या क्षणी फार हुशार वाटलं. फोन ठेवल्यावर वाटलं, इतके लोक न विचारता घेतात आणि त्यांचे ट्रक चालतातच की. मग कळलं, त्यातले बहुतेक लोक घोड्यांचे ट्रेलर ओढतात, महामार्गावरून. त्यांच्या वाटेत डोंगर असतात, पण गाडी तिरकी होत नाही.

४. आधी ट्रक उंच करायला पैसे घालायचे आणि मग चेंबर खाली आणायला पैसे घालायचे, यातला विनोद मला स्वतःला दिसला नव्हता. तो साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर बाबांना दिसला. बाबांनी आयुष्यभर महिंद्राची जीप चालवली. ते म्हणाले, “अरे, घाटात आमचा जीव चेंबर वर राहावं म्हणून टांगणीला असायचा. तू स्वखर्चानं खाली आणतोयस?” मी त्यांना तेल, उष्णता, फिल्टर असं सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, “बरं, पण दगडाला हे कोण सांगणार?”

त्यानंतर मी मोजपट्टी घेऊन ट्रकखाली शिरलो. चारचाकी जीप लहान अंगाची असते. दोन दारांच्या नव्या रँग्लरच्या पुढच्या-मागच्या आसांमधलं अंतर शंभर इंचांच्या आत आहे. माझ्या ट्रकचं १४०.५ इंच. युटातल्या मोआबच्या खडकाच्या पायरीवरून पुढची चाकं पलीकडे उतरली की एवढं लांब पोट पायरीवर टेकणारच. पण खाली झोपून पाहिलं तेव्हा एक दिलासा मिळाला. चेंबर पुढच्या आसाच्या जवळ आहे, पोटाच्या मध्यावर नाही. मध्यावर आहे तो गिअरबॉक्सला खालून आधार देणारा आडवा क्रॉसमेंबर, आणि टेकतो आधी तोच. पंचाईत वेगळीच आहे: पुढचं चाक ज्या दगडावर चढलं त्यावरून घसरून बाजूला पडलं, तर तो दगड थेट चेंबरखाली येतो. तेव्हा माझं मोजमाप ठरलं. चेंबरचा तळ क्रॉसमेंबरच्या तळापेक्षा खाली जाता कामा नये. या एका अटीनं दुकानातली निम्मी चेंबरं बाद झाली, त्यात मला सगळ्यात आवडलेलंही होतं.

५. पत्रा की ओतीव अॅल्युमिनियम, या वादात दोन्ही बाजूंचे लोक बरोबर आहेत, आणि हे फार त्रासदायक आहे. ग्रँड जंक्शनचा म्हातारा मेकॅनिक अॅल्युमिनियमच्या बाजूचा. तो म्हणतो, पत्र्याच्या चेंबरची कड बोल्ट जरा जास्त आवळला की भोकाभोवती वाकते, मग गॅस्केट कितीही महाग घ्या, थेंब गळतच राहतो. ओतीव चेंबरची कड जाड आणि ताठ, ती वाकत नाही. बाबा पत्र्याच्या बाजूचे. त्यांचं म्हणणं, पत्र्याला पोचा पडतो, अॅल्युमिनियमला तडा जातो. पोचा घेऊन घरी येता येतं, तडा घेऊन येता येत नाही. शिवाय पत्रा कुठल्याही नाक्यावर गॅस वेल्डिंगनं सांधता येतो, तेलात मुरलेलं ओतीव अॅल्युमिनियम सांधणाऱ्याला हात जोडावे लागतात. मी बाबांच्या पक्षात गेलोच होतो. तेवढ्यात मोआबजवळच्या एका वाटेवर कडेला थांबलेला पिकअप दिसला. चेंबर पत्र्याचं, फुटलेलं नव्हतं, तेलाचा थेंबही बाहेर नव्हता. दगडानं तळ आत दाबला गेला होता आणि तो फिल्टरच्या तोंडाला जाऊन भिडला होता. चेंबरभर तेल, आणि पंप उपाशी.

म्हणजे पोचासुद्धा सगळा निरुपद्रवी नसतो. शेवटी मी अॅल्युमिनियम घेतलं, मध्यम खोलीचं, आणि त्याच्याखाली थोडं अंतर राखून जाड पोलादी स्किड प्लेट बसवली. प्लेटमुळे उरलासुरला वाराही अडतो. पण फिनांवर माझा विश्वास उरलाच नव्हता, त्यामुळे जीव हळहळला नाही. मेकॅनिकला वाटतं मी त्याचं ऐकलं. बाबांना वाटतं प्लेट त्यांच्यामुळे बसली. दोघांनाही तसंच वाटू दे.

६. गाडी उभी असताना जे अंतर दिसतं, ते चालत्या गाडीत नसतं. फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये पुढच्या आसाकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट चेंबरच्या बाजूनंच जातो. पुढचं चाक दगडावर चढून स्प्रिंग दबली की आस वर येतो आणि त्याच्याबरोबर शाफ्टही. रुंद चेंबराची कड आणि फिरता शाफ्ट यांची गाठ पडणं कुणालाच परवडणारं नाही. सायलेन्सरच्या पाइपाचंही पाहावं लागतं. अंगण सपाट असल्याचा मला एरवी अभिमान आहे, पण या कामासाठी एक चाक उंच ठोकळ्यावर चढवून, खाली झोपून पाहिलं. शेजारीण कुत्र्याला फिरवत होती, तिनं काळजीनं विचारलं, “सगळं ठीक आहे ना?” मी खालूनच हो म्हणालो. कपाळावर तेलाचा थेंब पडला होता, त्यामुळे आवाजात जोर नव्हता.

७. डिपस्टिकवरची खूण बदलत नाही. मला वाटत होतं, चेंबर खोल म्हणजे खूणही नवी हवी. तसं नाही. तेलाची पातळी गिअरबॉक्सच्या अंगाशी मोजली जाते, चेंबरच्या तळाशी नाही. तळ खाली गेला, वरची पातळी होती तिथेच. जास्त ओतून ‘असू दे थोडं’ म्हणणारा आपला हात इथे आवरावा लागतो, कारण पातळी फिरत्या भागांपर्यंत चढली की तेच तेल घुसळून फेसाळतं. या क्रायस्लर घराण्याच्या गिअरबॉक्सची आणखी एक जुनी खोड आहे, तिचं मूळ १९६२ च्या टॉर्कफ्लाइट ७२७ पर्यंत जातं. पार्कमध्ये ठेवलं की कन्व्हर्टरकडे तेल जात नाही. म्हणून तेल तपासायचं इंजिन चालू ठेवून, न्यूट्रलमध्ये. आणि वाटेत तापलेला गिअरबॉक्स निववायला थांबलात तरी न्यूट्रलच, हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावून. पार्कमध्ये टाकून चहा प्यायला बसलं तर इंजिन फिरतं, तेल कूलरकडे जात नाही, आणि आपण मात्र समाधानानं थर्मास उघडतो.

८. खरं सांगू? नव्या चेंबरनं मला सर्वांत जास्त सुख दिलं ते ड्रेन प्लगनं. मूळ चेंबरला प्लगच नाही. तेल बदलायचं म्हणजे चौदा बोल्ट ढिले करायचे, एक कोपरा हळूच खाली आणायचा, आणि तेल कुठल्या बाजूनं येतंय याची वाट पाहायची. ते नेहमी चौथ्या बाजूनं येतं. नव्या चेंबराला तळाशी प्लग, त्याला चुंबक. चुंबकावर करडा, मऊ लेप दिसला तर काळजी नाही, ती नेहमीची झीज असते. टोचणारे कण किंवा चकत्यांसारखे तुकडे दिसले तर मात्र दुकानाचा रस्ता धरावा. एवढ्यानं सगळं तेल बदलतं असं नाही, कन्व्हर्टरमधलं आतच राहतं. पण प्लग असला की माणूस तेल बदलतो, नसला की ‘पुढच्या महिन्यात’ म्हणतो. मी तेल बोटावर घेऊन, वास घेऊन, ‘अजून चांगलं आहे’ असा निकाल देत असे, तोही बंद झाला. या गिअरबॉक्सला लागणाऱ्या एटीएफ+४ चा लाल रंग वापरात आपोआप काळवंडतो, वासही बदलतो, आणि त्यावरून तेलाची तब्येत कळत नाही, असं कंपनीच्याच पुस्तकात लिहिलं आहे. वास घेताना माझा चेहरा किती जाणकार दिसत असेल, याची आता कल्पना करवत नाही.

९. सगळ्यात स्वस्त कूलर ट्रकमध्ये आधीपासून बसलेला होता: फोर-लोचा दांडा. पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसचं लो रेंज २.७२ पट आहे. त्याच वेगाला इंजिन तितकं अधिक फिरतं, कन्व्हर्टरमधली घसरण कमी होते, तेल कमी तापतं. वाळूत शिरण्याआधी टायरची हवा कमी केली की आणखी फरक पडतो. दोन्हीला एक पैसा लागत नाही, म्हणूनच बहुधा त्यांची जाहिरात नसते.

१०. चेंबरआधी गेज. हे मी वाचकाला सांगतोय की स्वतःला, माहीत नाही. गॅरेजांच्या भिंतींवर एक जुना अडाखा लावलेला दिसतो: १७५ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण ८० सेल्सियस, याच्यावर दर वीस अंश फॅरनहाइटला तेलाचं आयुष्य निम्मं होतं. आजची तेलं त्याहून टिकाऊ आहेत, पण दिशा तीच. गेजशिवाय आपला ट्रक या उतरंडीवर कुठे आहे हे कळायला मार्गच नाही. नव्या चेंबराला सेन्सरसाठी तयार भोक असतं आणि आपण खूश होऊन सेन्सर तिथेच लावतो. तिथे कूलरमधून निवून परतलेल्या, एकत्र झालेल्या तेलाचं तापमान कळतं. कन्व्हर्टरमधून कूलरकडे निघालेल्या नळीत ते कितीतरी जास्त असू शकतं, आणि वाळूत उडी मारतो तो नळीतला काटा. चेंबरमधला आकडा तेलाच्या आयुष्याबद्दल बोलतो, नळीतला आकडा पुढच्या पाच मिनिटांबद्दल. शक्य असेल तर दोन्ही लावा. मी दोन्ही लावले, आणि त्यानंतर ट्रकच्या काचेबाहेरचे डोंगर थोडे कमी पाहतो, अशी घरातून तक्रार आहे.

पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, तर गेज घ्या. त्यानं कूलर अपुरा दाखवला तर मोठा कूलर घ्या. आणि चढावर ट्रक उभा कलतो तेव्हा गिअर घसरल्यासारखा वाटत असेल, तरच खोल चेंबर. तेही फिल्टर खाली उतरवायचा जोड-तुकडा सोबत येतो का, हे विचारून.